बायोअ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

बी.एस्सी.ला बॉटनी, झूऑलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या मुलामुलींना बायोअ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री, म्हणजे जैविक नमुन्यांतले घटक मोजण्याचा विषय, गणितामुळे जड जातो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. लागणारं गणित म्हणजे गुणोत्तर, सरळ रेषेचं समीकरण आणि थोडे लॉगॅरिदम, एवढंच. खरी अडचण अशी की स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा उमटला की तो थेट जर्नलमध्ये उतरतो, आणि या आकड्यात नेमकं काय काय मोजलं गेलं हा प्रश्न कुणी विचारत नाही. सांगली-साताऱ्याकडे प्रोजेक्टसाठी ऊस, गूळ, हळद, सोयाबीन हे नमुने हाताशी असतात. त्यांच्यावरच या चुका सगळ्यात स्पष्ट दिसतात.

उसाच्या रसात साखर एवढी कमी कशी?

डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) या रंग देणाऱ्या रिएजंटच्या पद्धतीने ताज्या रसातली साखर काढली की उत्तर हास्यास्पद कमी येतं. मग रिएजंट जुना झाला असेल, रस पातळ असेल, असे अंदाज सुरू होतात. रिएजंट बहुधा ठीकच असतो. डीएनएस फक्त रिड्यूसिंग शुगर (जिचं क्रियाशील टोक मोकळं आहे अशी साखर) दाखवतं आणि उसातली मुख्य साखर सुक्रोज ही नॉन-रिड्यूसिंग आहे. सुक्रोज ज्यांची बनते त्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची क्रियाशील टोकं एकमेकांना जोडण्यातच अडकलेली असतात. म्हणजे तुम्ही मोजलीत ती रसात आधीच सुटी असलेली थोडी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज.

सुक्रोज मोजायची असेल तर रसाचा एक भाग सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडसोबत गरम पाण्यात ठेवून ती फोडावी लागते. त्यानंतर सोडियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रलाइज करायला विसरू नका, कारण डीएनएसचा रंग अल्कलीतच येतो. अ‍ॅसिड तसंच राहिलं तर नळी पिवळीच राहते आणि पुन्हा 'साखर नाही' असा निष्कर्ष निघतो. फोडल्यानंतरच्या आकड्यातून आधीचा आकडा वजा करा आणि ०.९५ ने गुणा. हा गुणक यासाठी की ३४२ ग्रॅम सुक्रोज पाण्याचा रेणू घेऊन ३६० ग्रॅम सुट्या साखरा देते.

इथेच डायल्युशनची गफलतही होते. १८ ब्रिक्सच्या (वजनाने १८ टक्के विरघळलेल्या घटकांच्या) रसात मिलिलिटरला साधारण १९० मिलिग्रॅम विरघळलेले घटक असतात आणि त्यात बहुतांश साखरच. तुमचा स्टँडर्ड ग्राफ (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला) मात्र मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास संपतो. म्हणून फोडलेल्या नमुन्याला एकूण ५०० पट डायल्युशन लागू शकतं आणि न फोडलेल्याला त्यापेक्षा बरंच कमी. दोघांना एकच डायल्युशन दिलं की एक रीडिंग ग्राफच्या वर जातं नाहीतर दुसरं शून्याला चिकटतं. आणखी एक: ५० पट म्हणजे १ मिलिलिटर रस घेऊन एकूण ५० पर्यंत भरणं. १ मिलिलिटर रसात ५० मिलिलिटर पाणी घातलंत तर ते ५१ पट होतं. १० पटीच्या वेळी हीच चूक थेट १० टक्क्यांची होते.

हळदीतलं 'कर्क्युमिन'

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी हा प्रोजेक्ट घेतंच. घ्यावाही, विषय उत्तम आहे. पावडर इथेनॉलमध्ये काढायची आणि ४२५ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. पण त्या तरंगलांबीला कर्क्युमिनची भावंडं डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिनही प्रकाश शोषतात. म्हणून मिळालेला आकडा एकूण कर्क्युमिनॉइड्सचा, तोही कर्क्युमिन स्टँडर्डच्या मापाने. तिन्ही वेगळे हवे असतील तर एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी) लागेल. रिपोर्टमध्ये 'एकूण कर्क्युमिनॉइड्स' लिहिलंत तर निष्कर्ष खरा राहतो.

रीडिंग संशयास्पद वाटलं तर तोच नमुना ६५० नॅनोमीटरला पाहा. तिथे कर्क्युमिन प्रकाश शोषत नाही. तरीही अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती अडला याचं माप) दिसला तर गाळणीतून सुटलेले बारीक कण प्रकाश विखुरतायत. पुन्हा गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा. द्रावण उजेडात ठेवू नका, कर्क्युमिन नासतं. अर्क अ‍ॅसिटोनमध्ये काढला असेल तर पॉलिस्टायरिनचा प्लॅस्टिक क्युव्हेट (यंत्रात नमुना ठेवायची छोटी नळी) वापरू नका. तो धुरकट होतो आणि दोष हळदीच्या माथी जातो.

अ‍ॅब्सॉर्बन्स २ आला म्हणजे शंभरातला एक हिस्सा प्रकाश पलीकडे पोचतोय. यंत्रात अर्धा टक्का भटका प्रकाश असला तरी खऱ्या २ ऐवजी सुमारे १.८ दिसेल. शक्यतो ०.१ ते १ च्या दरम्यान राहा. ग्राफची रेषा पट्टीने पुढे वाढवून उत्तर काढणं हा उपाय नव्हे. नमुना डायल्यूट करून परत वाचा.

प्रोटीन, ब्लँक आणि क्युव्हेट

ब्रॅडफर्ड या प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीत, ५९५ नॅनोमीटरला, ब्लँकच (नमुना न घातलेली तुलनेची नळी) निळसर दिसला तर आधी बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) एसडीएससारखं डिटर्जंट आहे का ते तपासा. ब्लँक म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर नव्हे. नमुना सोडून नळीत जे जे गेलं ते सगळं त्यात हवं, त्याच प्रमाणात. शिवाय या पद्धतीतला कूमासी रंग मुख्यतः प्रोटीनमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला धरतो आणि बीएसए (स्टँडर्ड म्हणून वापरलं जाणारं गायीच्या सीरममधलं प्रोटीन) त्याच्याशी इतर अनेक प्रोटीनपेक्षा जास्त रंग देतं. म्हणून सोयाबीनच्या अर्काचं उत्तर 'बीएसएच्या तुलनेत इतके मायक्रोग्रॅम' असंच लिहायचं.

डीएनए २६० नॅनोमीटरला वाचताना काचेचा क्युव्हेट चालत नाही, क्वार्ट्झ हवा. काच तो प्रकाश स्वतःच गिळते. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ आलं म्हणून डीएनए भरपूर आहे असंही नाही. ते शुद्धतेबद्दल सांगतं, तेही मुख्यतः प्रोटीनपुरतं.

मे महिन्यातला ट्रिस बफर

तापमानाने बफरचा पीएच बदलतो, याकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं. ट्रिसचा पीएच तापमान एक अंशाने वाढलं की साधारण ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना ८.० केलेला बफर फ्रिजमध्ये ४ अंशांना ८.६ च्या आसपास जातो, आणि उन्हाळ्यात ३८ अंशांच्या लॅबमध्ये ७.६-७.७ वर येतो. डिसेंबरात नीट चाललेला एन्झाइमचा प्रयोग मे महिन्यात फसला, तर एन्झाइमला नावं ठेवण्याआधी बफरचा पीएच प्रयोगाच्याच तापमानाला मोजा. मीटरही त्याच तापमानाच्या स्टँडर्ड बफरने कॅलिब्रेट करा. पीएच जुळवल्यावरच पाणी घालून अंतिम आकारमान करायचं, आधी नाही.

मायक्रोपिपेटवर शंका असेल तर १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवर सोडा. दर वेळी ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. आकडे वरखाली होत असतील तर हात तपासा: द्रव घेताना बटण पहिल्याच थांब्यापर्यंत दाबायचं, दुसरा थांबा सोडताना. सगळे आकडे सारखेच कमी येत असतील तर टीप घट्ट बसली आहे का ते बघा आणि मग पिपेट कॅलिब्रेशनला द्या.

सेंट्रिफ्यूजचं 'दहा हजार आरपीएम' तर जर्नलमधून हद्दपारच करा. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर तो वेग सुमारे ८,९०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट) होतो, ५ सेंटिमीटर असेल तर ५,६००. त्रिज्या रोटरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आरपीएमचा वर्ग गुणिले त्रिज्या (सेंटिमीटरमध्ये) गुणिले ०.००००१११८, एवढं करून 'जी'मध्येच लिहा.