भाषणासाठी आवाज कमवायचा असेल तर सुरुवात श्वासापासून करा

मोठ्या हॉलमध्ये बोलायची वेळ आली की बरेच जण घशाला ताण देऊन ओरडल्यासारखं बोलायला लागतात, आणि थोड्याच वेळात आवाज फाटतो नाहीतर घसा बसतो. मग म्हणतात माझा आवाजच मुळात बारीक आहे, त्याला काय करणार. पण आवाज कमावता येतो, खरंच येतो, फक्त त्यासाठी घशावर जोर काढायचा नसतो.

आत काय चालतं ते आधी बघू. फुफ्फुसातली हवा वर येते, स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात ते त्या हवेने थरथरतात, साधं बोलताना पुरुषांचे सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा आणि बायकांचे 200 च्या आसपास. म्हणजे एका सेकंदात इतक्यांदा ते एकमेकांवर आपटत असतात आणि आपण ओरडलो की हेच आपटणं जोरात होतं, वारंवार झालं की तिथे सूज येते, काहींना पुढे गाठीसुद्धा होतात. म्हणून ताकद वाढवायची ती खालून हवेची आणि वरून तोंडातल्या घुमाऱ्याची, मधल्या स्वरतंतूंना जमेल तितकं मोकळं सोडायचं. सगळे व्यायाम शेवटी याचसाठी आहेत.

श्वासाचं आधी. पाठीवर झोपा, एक हात पोटावर एक छातीवर. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात वर यायला पाहिजे, छातीवरचा फारसा हलायला नको आणि खांदे तर अजिबातच नको. झोपून हे बऱ्यापैकी आपोआप होतं, उभं राहिल्यावर बिघडतं, म्हणून आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून करा. जमलं की श्वास घेऊन दातांमधून स्स्स असा आवाज हळूहळू सोडा, एकसारखा, मध्ये कमीजास्त न होता. पंधरा-वीस सेकंद टिकला तर छान, नाही टिकला तर घाई नको, पण शेवटी दम खेचून खेचून सेकंद वाढवू नका, त्यात मान आवळली जाते आणि मग सगळ्यावर पाणी. एकसारखेपणा महत्त्वाचा, आकडा नाही.

मला विचाराल तर सगळ्यात भारी व्यायाम स्ट्रॉचा, आणि तोच लोक सगळ्यात कमी करतात. साधी स्ट्रॉ ओठात धरायची, ओठ नीट मिटलेले, आणि तिच्यातून 'ऊ' म्हणायचं. गाल आणि मान सैल. खालच्या सुरापासून वर जायचं, परत खाली यायचं, सायरनसारखं. ग्लासात थोडं पाणी घेऊन स्ट्रॉचं टोक एक-दोन सेंटीमीटर बुडवून केलंत तरी चालेल, बुडबुडे एकसारखे येतायत का ते दिसतं त्यामुळे आपलं आपल्यालाच कळतं. ह्याने होतं काय, तर पुढे वाट अरुंद असल्यामुळे हवेचा थोडा दाब मागे स्वरतंतूंपर्यंत पोचतो आणि ते कमी आपटत थरथरतात. आवाजतज्ज्ञ इंगो टिट्झे यांनी ही पद्धत अभ्यासून लोकांपर्यंत पोचवली, आवाजाच्या थेरपीतही वापरतात. भाषणाआधी तीन-चार मिनिटं एवढं केलं तरी आवाज लागलेला असतो.

त्यानंतर ओठ मिटून 'म्म्म'. ओठांवर आणि नाकाच्या आसपास गुदगुल्या झाल्यासारखं जाणवलं पाहिजे. तिथूनच म्मा, म्मे, म्मो करत भाषणाचं पहिलं वाक्य म्हणायचं, ती थरथर पुढेच ठेवून. आवाज लांब पोचतो तो ह्याने.

आता एक गोष्ट जी खास मराठीत बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, 'आहे' की 'नाही' ते शेवटच्या शब्दात कळतं, आणि बहुतेकांचा दम नेमका तिथेच संपतो, वाक्य जोरात सुरू होतं आणि शेवटी पुटपुटल्यासारखं होतं. मागच्या रांगेतल्या माणसाला अर्ध्या वाक्याचा अर्थच लागत नाही. उपाय साधा आहे, छापील उतारा घ्या, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने खुणा करा आणि क्रियापदाला पहिल्या शब्दाइतकाच जोर देऊन वाचा. फोनवर रेकॉर्ड करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. ऐकताना फक्त वाक्यांची टोकं ऐका, बाकी सोडा.

जबडा आवळून बोलू नका, तोंड उघडा, उच्चार स्पष्ट असला की कमी आवाजातही काम होतं. माईक असेल तर तो वापरा, लाजू नका, आणि सुरू करायच्या आधी गडबड शांत होऊ द्या, कारण आजूबाजूला आवाज असला की आपण नकळत आवाज चढवतो, ह्याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, 1911 पासून माहीत असलेली गोष्ट आहे.

पाण्याबद्दल गैरसमज आहे की घोट घेतला की स्वरतंतू ओले होतात. गिळलेलं पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागतच नाही, शरीरात मुरून मग त्यांच्यापर्यंत पोचतं, म्हणून स्टेजवर नाही तर दिवसभर थोडंथोडं पीत राहा. सारखं खाकरू नका, त्यातही आपटणंच आहे, त्यापेक्षा आवंढा गिळा. आणि घसा बसला असेल तर कुजबुजत बोलणं म्हणजे आराम नव्हे हो, पुष्कळ जण कुजबुजताना स्वरयंत्र आणखी आवळतात. सरळ गप्प बसा नाहीतर हळू पण साध्या आवाजात बोला. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि बोलताना दुखत असेल, श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल किंवा खोकताना रक्त दिसलं तर तेवढंही थांबायचं नाही.