माळावर जमीन घेताय? आधी मे महिन्यात जाऊन या

आमच्या कोल्हापुरात हल्ली ज्याला त्याला नोकरी सोडून माळावर चार एकर घेऊन राहायचंय, म्हणून घ्यायच्या आधी काय बघायचं ते सांगतो, आणि उदाहरण अमेरिकेचं देतो कारण हे सगळं तिथल्या लोकांनी आधीच भोगलंय.

1862 ला लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. 160 एकर, म्हणजे आपले 6400 गुंठे! किरकोळ फी भरा, घर बांधा, पाच वर्षं तिथंच राहून ती जमीन कसा, की ती तुमच्या नावावर. आपल्याकडं दोन गुंठ्यांवरनं भाऊ भाऊ कोर्टात जातात, मग लोक धावणारच की. पण पश्चिम नेब्रास्का-कॅन्ससकडं पाऊस वर्षाला 20 इंचाच्या आत, तेवढ्यात 160 एकर असून पण घर चालेना. जमीन खपवणारे सांगायचे नांगर फिरला की मागनं पाऊस येतो, सुरुवातीला काही वर्षं बरा पडला पण, आणि मग दुष्काळ.

म्हणून एजंट काय म्हणतो ते सोडा, शेजारच्या बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारा की मे मध्ये बोअर किती तास चालतं. गगनबावड्याचा पाऊस बघून शिरोळकडची जमीन घेऊ नका, जिल्हा एकच असला तरी.

दुसरं पैशाचं. अमेरिकेत जमीन फुकट, पण बैल, नांगर, बी, विहीर सगळं विकत. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे चौकोनी तुकडे कापून घरं रचली आणि चुलीला आपल्या शेणीसारखं वाळलेलं शेण. 1874 ला टोळ आले आणि उभं पीक खाऊन गेले. तेव्हा दोन हंगाम काहीच हातात आलं नाही तरी घर चालेल एवढी रक्कम बाजूला ठेवूनच व्यवहार करा.

कागद बघताना सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, इतर हक्कात कुणाचं नाव किंवा बोजा, म्हणजे कर्ज वगैरे, आहे का, वाट कुठनं, हे वकिलाला दाखवा. आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. हक्काचं निघालंच म्हणून सांगतो, अमेरिकेत सरकारनं वाटलेली जमीन मुळात पॉनी, लाकोटा अशा तिथल्या मूळ आदिवासी लोकांची होती, त्यांना हुसकावून ती 'मोकळी' केलेली, हे मला फार लागतं.

शेवटचं म्हणजे घरच्यांना घेऊन महिनाभर तिथं भाड्यानं राहा. अमेरिकेतल्या त्या माळांवर जानेवारी 1888 मध्ये अचानक हिमवादळ आलं आणि शाळेतनं घरी निघालेली कितीतरी पोरं वाटेतच गेली, एवढी घरं लांब लांब. दवाखाना किती किलोमीटर ते रात्री गाडी घेऊन स्वतः जाऊन बघा, आणि शाळेची एसटी पावसाळ्यात येते का ते पण.