माशांच्या रोगप्रतिकारक पेशी वाढवताना या चुका टाळा

लस असो, खाद्यातलं नवं पूरक असो की पाण्यात मिसळणारं रसायन, त्याचा माशांच्या प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम तपासायला आजही जिवंत मासे वापरले जातात. एका माशाच्या पेशींवर अनेक मात्रा एकाच वेळी तपासता आल्या तर कितीतरी मासे वाचतात. पण कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं काम, फसलं, तर मासा हकनाक गेला आणि दुसरा मारावा लागणार. म्हणून या चुका गांभीर्याने घ्यायला हव्यात.

बहुतेक चुकांचं मूळ एकच: उंदराच्या पेशींवर बसलेला हात. इन्क्युबेटर सवयीने ३७ अंशांवर लावला की ट्राउटच्या पेशी मरतात. त्यांना १८ ते २० अंश लागतात. झेब्राफिशच्या पेशी २८ अंशांच्या आसपास खूश असतात. एल-१५ या मीडियमला (पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रावाला) तर कार्बन डायऑक्साइड नकोच असतो. त्या वायूच्या इन्क्युबेटरमध्ये झाकण सैल ठेवून फ्लास्क ठेवला, तर मीडियम आम्लधर्मी होऊन पिवळं पडतं आणि लोक उगाच जंतुसंसर्ग शोधत बसतात. झाकण घट्ट लावा, साधा इन्क्युबेटर वापरा.

माशांच्या हाडांत रक्तपेशी घडवणारी मज्जा नसते. ते काम डोक्यामागचं पुढचं मूत्रपिंड, म्हणजे हेड किडनी, करतं. ती काढताना आतड्याला कात्री लागली तर नमुना गेलाच म्हणून समजा. मीडियममध्ये हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, नसेल तर रक्ताच्या गुठळ्यांत पेशी अडकतात. आणखी एक फरक हमखास विसरला जातो: माशांच्या लाल पेशींना केंद्रक असतं. त्या फोडल्या तरी केंद्रकं मागे उरतात, चिकट गोळे होतात आणि मोजणी चुकते. त्यापेक्षा परकॉल या घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावाच्या थरांवर सेंट्रिफ्यूज करून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढणं कधीही चांगलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच पेशी मेलेल्या दिसल्या तर लगेच हाय खाऊ नका. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मुळातच अल्पायुषी असतात. तळाला चिकटलेले मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, तगले आहेत का ते पाहा. मात्र काही तासांतच सगळं संपलं, तर तापमान आणि मीडियमची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या क्षारादी कणांचं प्रमाण) तपासा. मीडियम बदलताना तरंगत्या पेशी सरसकट फेकू नका, त्यांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीही असतात.

पेशी ‘प्रतिसाद देत नाहीत’ ही तक्रारही नेहमीची. एलपीएस या जिवाणूजन्य घटकाला मासे सस्तन प्राण्यांपेक्षा खूपच कमी दाद देतात, त्यामुळे उंदराच्या पेशींची मात्रा इथे पुरत नाही. मात्रा वाढवाल तेव्हा एलपीएस शुद्ध घ्या, नाहीतर दिसणारा प्रतिसाद त्यातल्या भेसळीचा असू शकतो.

शक्य तिथे ट्राउटच्या प्लीहेपासून बनवलेल्या आरटीएस११ सारख्या सेल लाइनकडे, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींकडे, वळा. मग दरवेळी मासा लागत नाही. तिची वाढ संथ असते, म्हणून जुनं मीडियम एकदम पूर्ण काढू नका. आणि लाइन कुठल्या माशाची आहे हे डीएनए बारकोडिंगने (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखून) पडताळा, मायकोप्लाझ्मा या कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूचा संसर्गही तपासा. ईपीसी नावाची प्रसिद्ध लाइन वर्षानुवर्षं कार्पची समजली जात होती. २०१० मध्ये कळलं की ती फॅटहेड मिनो या वेगळ्याच माशाची आहे.