दारू, स्टेलेट पेशी आणि हातातला रिपोर्ट

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत बहुतेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये लिव्हर फंक्शन टेस्ट होते. मात्र नियमित मद्यपान करणाऱ्याने तो रिपोर्ट वाचताना हे ध्यानात ठेवावे, की त्यातील एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे (एन्झाइम) यकृताच्या पेशींना झालेली इजा दाखवतात, व्रण नव्हे. त्यामुळे हे आकडे जेमतेम वाढलेले असतानाही फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणाचे तंतू साचणे, बराच पुढे गेलेला असू शकतो.

यकृतपेशीत इथेनॉलचे (दारूतील अल्कोहोलचे) आधी ॲसिटाल्डिहाइड होते, मग ॲसिटेट. ॲसिटाल्डिहाइड प्रथिनांना आणि डीएनएला चिकटते. रोज पिणाऱ्याच्या पेशींत सीवायपी२ई१ हे विकर वाढते आणि त्याच्या कामातून निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजन-रेणू पेशीपटलातील मेद बिघडवतात. त्यातच आतड्याचे अस्तर सैल होऊन जिवाणूंचे विषारी अंश यकृतात उतरतात व तेथील कुप्फर पेशींना, म्हणजे यकृतातील भक्षक रोगप्रतिकारक पेशींना, चेतवतात. या साऱ्याचा रोख अखेर स्टेलेट पेशीकडे असतो. एरवी अ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ असणारी ही पेशी टीजीएफ-बीटा या संदेशरेणूमुळे आपला साठा गमावते आणि कोलॅजेनचे, म्हणजे व्रण घडवणाऱ्या प्रथिनाचे, तंतू बनवू लागते. अशा चेतलेल्या पेशींचा नाश करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशीही मद्यामुळे मंदावतात, ही बाब सहसा कोणी सांगत नाही.

आता रिपोर्टाकडे वळावे. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असल्यास मद्यजन्य इजेचा संशय बळावतो. त्यानंतर फिब-४ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा काढावा: वयाला एसजीओटीने गुणावे आणि प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ या गुणाकाराने भागावे. वय ५०, एसजीओटी ९०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट दीड लाख असल्यास ४५०० भागिले ९००, म्हणजे ५ येतात. १.३ पेक्षा कमी उत्तर बहुधा दिलासा देणारे असते, २.६७ च्या वर गेल्यास पोटविकारतज्ज्ञांना दाखवावेच. पस्तिशीच्या आत हे गणित फारसे भरवशाचे नाही, तर पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. यात प्लेटलेट येतात, कारण व्रणांमुळे यकृताकडे येणाऱ्या रक्ताचा दाब वाढला की प्लीहा फुगते आणि त्या तिच्यात अडकून पडतात.

फायब्रोस्कॅन ही तपासणी मात्र यकृताचा ताठरपणा (व्रण वाढले की तो वाढतो) थेट मोजते. तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नये. अलीकडेच भरपूर मद्यपान झाले असल्यास आणि एसजीओटी बरेच चढलेले असल्यास, केवळ सूजेमुळेही आकडा फुगतो. अशा वेळी काही आठवडे मद्य वर्ज्य करून तपासणी पुन्हा करावी.

मद्य पूर्ण थांबल्यावर चेतलेल्या काही स्टेलेट पेशी मरतात, काही पुन्हा शांत होतात आणि साचलेले कोलॅजेन अंशतः विरघळू शकते. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने गटारी आटोपली म्हणून श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकाएकी सोडू नये. थरथर, झटके किंवा भ्रम होण्याचा धोका असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.