ऐतिहासिक वनस्पती उद्यान पाहताना

शहराच्या मध्यभागी असलेले जुने वनस्पती उद्यान हा नोंद ठेवून जोपासलेल्या वनस्पतींचा संग्रह असतो, त्यामुळे वाट दिसेल तिकडे फिरण्याऐवजी प्रवेशद्वाराजवळचा नकाशा पाहून प्रथम काचगृहे पाहावीत. ती बहुधा उद्यानाच्या आधी बंद होतात; शिवाय तेथील उष्ण, दमट हवेत कॅमेऱ्याच्या थंड काचेवर बाष्प धरते आणि ते विरेपर्यंत छायाचित्रे घेता येत नाहीत.

खरा वेळ द्यावा तो जुन्या झाडांना आणि त्यांच्या नावपाट्यांना. पाटीवर शास्त्रीय नाव, कुळ आणि मूळ प्रदेश यांखेरीज अनेक ठिकाणी नोंदणी क्रमांकही असतो, व त्यातील सुरुवातीचे आकडे पुष्कळदा ते रोप संग्रहात दाखल झाल्याचे वर्ष दर्शवतात. इटलीतील पादुआ येथील विद्यापीठाच्या, १५४५ साली स्थापन झालेल्या उद्यानात १५८५ मध्ये लावलेले एक ताडवर्गीय झाड आजही असून, १७८६ मध्ये जर्मन कवी ग्योटे यांनी त्याचे निरीक्षण केले होते. अशी झाडे आकाराने भव्य असतीलच असे नाही (पादुआचा हा ताड ठेंगण्या जातीचा आहे), म्हणून ती नकाशावर आधीच हेरून ठेवावीत.

औषधी वनस्पतींचे वाफेही चुकवू नयेत, कारण युरोपातील सर्वांत जुनी उद्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठीच उभारली गेली होती. तेथील पाने चुरडून वास घेण्याचा मोह मात्र आवरावा. काही वनस्पती विषारी असतात.