लायसन्सच्या टेस्टआधी या चुका टाळा: गोव्यात कार शिकणाऱ्यांसाठी

गोव्यात कार शिकायला बसणारा माणूस सहसा अगदी नवखा नसतो. पेडणे, डिचोली, वाळपईकडच्या मुलांनी कॉलेजला जाता-येता स्कूटर चालवलेली असते, त्यामुळे रहदारीची भीती आधीच मोडलेली असते. त्याचा उपयोग होतोच, पण टेस्टमध्ये अडवतात त्याही याच सवयी. स्कूटरवर नुसती मान वळवून मागचे दिसते, फट दिसली की डावीकडून पुढे काढता येते, अडलेच तर पाय टेकता येतो. कारमध्ये यातले काहीच चालत नाही. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग स्टिअरिंग हा क्रम पहिल्या दिवसापासून पाळा. वळून झाल्यावर इंडिकेटर बंद झाला का, तेही पाहा. शेजारी बसलेल्या तपासनिसाला तुमचे लक्ष कुठे आहे हे यावरूनच कळते.

सगळ्यात जास्त गडबड चढावर होते. पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या रस्त्यांवर किंवा घाटात थांबलेली कार पुन्हा पुढे काढताना शिकाऊ माणूस ब्रेकवरून पाय उचलतो आणि घाईने अ‍ॅक्सिलरेटर शोधतो. तेवढ्यात कार मागे सरकते, तो घाबरून क्लच सोडतो आणि इंजिन बंद पडते. यावर उपाय हँडब्रेकचा. कार हँडब्रेकवर धरा, पहिला गिअर टाका, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि क्लच सावकाश वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते. पाय तिथेच रोखा आणि मगच हँडब्रेक सोडा. ती जागा प्रत्येक कारमध्ये वेगळी असते, म्हणून टेस्टला जी कार नेणार तिच्यावरच सराव करा. याच्या उलट चूक म्हणजे चढावर कार अर्ध्या क्लचवर तोलून धरणे. तशाने क्लचप्लेट जळते. जळका वास आला तर पायाची सवय बिघडली आहे असे समजा.

ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. बऱ्याच मुलांना वाटते की आपण छान थांबतो, प्रत्यक्षात निम्मे थांबणे सरांच्या पायाचे असते. शेवटच्या काही दिवसांत त्यांना स्पष्ट सांगा, ‘सर, आता तुम्ही पाय लावू नका.’

रिव्हर्स घेताना वेग क्लचने आवरा, अ‍ॅक्सिलरेटरने नाही, आणि फक्त आरशावर न विसंबता मागच्या काचेतूनही पाहा. दुचाकीचीही टेस्ट देणार असाल तर आठच्या आकड्यासारखी फेरी काढताना नजर पुढच्या चाकावर खिळली की तोल जातो. जिथे वळायचे तिथे पाहा आणि वळणात पुढचा ब्रेक दाबू नका, मागचा हलकाच लावा. स्लिपर घालून टेस्टला जाऊ नका, ती पेडलखाली अडकते. दुचाकीच्या टेस्टला हेल्मेट हवेच.

कागदोपत्री चुकाही महागात पडतात. लर्नर लायसन्स ६ महिनेच चालते आणि ते मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत लर्नर काढतात, मग पावसात शिकायला नको, चवथ होऊ दे, असे म्हणता म्हणता नोव्हेंबर येतो आणि मुदत संपते. पावसातच शिका. ओल्या रस्त्यावर ब्रेक किती आधी लावावा लागतो, काचेवर वाफ धरली की काय करायचे, हे कोरड्या मैदानावर कळत नाही. चालत्या कारचे चारही इंडिकेटर पावसात लावण्याची पद्धत मात्र उचलू नका. मागच्याला तुम्ही वळणार की थांबला आहात, हे समजतच नाही.

दुसरी चूक मुलींच्या बाबतीत जास्त दिसते. घरी बिनगिअरची स्कूटर असते, अर्ज त्याच वर्गाचा भरला जातो आणि पुढे गिअरची मोटारसायकल चालवायची झाली तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. कोणता वर्ग हवा ते अर्ज भरतानाच ठरवा. वयाची ४० वर्षे ओलांडलेल्यांनी डॉक्टरच्या प्रमाणपत्राचा फॉर्म १-अ विसरू नये. लर्नरवर चालवताना पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि शेजारी लायसन्सधारक माणूस, दोन्ही हवेत. अंगणातून समोरच्या दुकानापर्यंत जायचे असले तरी.

लर्नरच्या परीक्षेत चिन्हांची सरमिसळ होते. लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, वर्तुळ आज्ञा देते. निळ्या वर्तुळात एकच तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंग मना; दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मना. सर्कलमध्ये आधीपासून फिरणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. चोर्ल्याच्या घाटासारख्या अरुंद चढावर वर येणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचे. हा नियम फक्त परीक्षेपुरता पाठ करू नका, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणे किती कठीण ते आता तुम्हाला कळले आहे.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते, म्हणून तिसऱ्या वेळेला घाईने जाऊ नका. कार कुठे बंद पडली, कुठला इशारा द्यायचा राहिला, हे तपासनिसाला तिथेच विचारून घ्या आणि मधल्या दिवसांत तेवढ्याच एका गोष्टीचा सराव करा.