जुन्या लॅपटॉपवर घरचा फोटो-सर्व्हर कसा उभारावा

गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. तेव्हापासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीत भागवायचं. मी घरातल्या सगळ्या फोनचे फोटो एका जुन्या लॅपटॉपवर, ‘इमिच’ नावाच्या मुक्त प्रणालीत आणले. तुम्हालाही जमेल. फक्त एक पथ्य पाळा: सुरुवातीला एकच सेवा बसवा, आणि तिचा बॅकअप परत उभा करून पाहिल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

नवं यंत्र घ्यायची गरज नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरतो. वीज गेली तरी तो बॅटरीवर तग धरतो, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात फार मोलाचं. राउटर मात्र लगेच बंद पडतो, म्हणून अडॅप्टरवर छापलेला व्होल्टेज बघून त्यालाही छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉप सरासरी १५ वॉट खात असेल, तर महिन्याला साधारण ११ युनिट होतात. सतत पूर्ण चार्ज राहिलेली बॅटरी फुगू शकते; बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं, तर लॅपटॉप तिथेच बंद करा आणि बॅटरी काढून घ्या.

आता डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मुक्त लिनक्स प्रणाली. आधी लॅपटॉपवरचं हवं ते दुसरीकडे काढून ठेवा, कारण डिस्क कोरी होणार आहे. पेनड्राइव्हवरून डेबियन बसवताना काय काय बसवायचं त्या यादीत डेस्कटॉपपुढच्या खुणा काढून टाका. एसएसएच सर्व्हर आणि मूलभूत साधनं एवढंच ठेवा. पुढे सगळं काम दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने होतं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जातो, म्हणून सिस्टिमडी या डेबियनच्या आतल्या व्यवस्थापकाच्या लॉगइनडी सेटिंगमध्ये झाकणाची कृती ‘इग्नोर’ करा. वायफायऐवजी केबल लावा आणि राउटरमध्ये या यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. पत्ता रोज बदलत राहिला तर फोन सर्व्हर शोधत बसतील.

मग डॉकर, म्हणजे अशा सेवा तयार डब्यात बंद करून चालवणारं साधन, बसवा आणि इमिचच्या संकेतस्थळावरून दोन फायली उतरवा, एक कंपोजची (डॉकरने काय काय चालवायचं त्याची यादी) आणि एक सेटिंगची. सेटिंगच्या फाइलमध्ये फोटो कुठे साठवायचे ते लिहा आणि डेटाबेसचा पासवर्ड बदला. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा. डेटाबेस लॅपटॉपच्याच एसएसडीवर राहू द्या. कंपोज सुरू केलं की घरातल्या ब्राउझरमध्ये त्या पत्त्यावर २२८३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, इमिच उघडतं. पहिलं खातं तुमचं, म्हणजे व्यवस्थापकाचं. बाकीच्यांना वेगवेगळी खाती द्या. अँड्रॉइड फोनवर इमिचच्या ॲपला बॅटरी-बचतीतून वगळा, नाहीतर फोटो मागच्या मागे चढत नाहीत. पहिली मोठी भरती घरच्या वायफायवरच होऊ द्या. दोन-तीन रात्री लागल्या तरी घाई करू नका.

घराबाहेरून फोटो पाहायचे तर बरेच जण राउटरचं पोर्ट उघडायला जातात. ते करू नका. आपल्याकडे अनेक जोडण्यांवर ते चालतही नाही, कारण इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमचं घर त्यातलंच. त्याऐवजी टेलस्केल बसवा; ते आपल्याच यंत्रांना आपसात जोडणारं खासगी जाळं आहे. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या तंत्रावर चालतं, त्यामुळे लॅपटॉप आणि फोन यांच्यात कूटबद्ध वाट तयार होते आणि एकही पोर्ट उघडावं लागत नाही. गावी असलेल्या आईच्या फोनमध्ये ते एकदा चालू करून दिलं की नातवंडांचे फोटो तिला तिथे दिसतात. मी ही सगळी खटपट केली ती मुळात त्यासाठीच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: डॉकरने उघडलेली पोर्टं यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातात, तेव्हा फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त राहू नका.

बॅकअप हा या कामाचा कणा आहे. पहिल्या वेळी मी फक्त फोटोंचा फोल्डर उचलून ठेवला होता. डिस्क गेली तेव्हा फोटो परत आले, पण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं गेली, कारण ती डेटाबेसमध्ये असतात. आजी-आजोबांच्या जुन्या फोटोंतली माणसं ओळखून नावं देण्यात गेलेल्या संध्याकाळी मला पुन्हा मिळाल्या नाहीत. इमिच रोज रात्री डेटाबेसची प्रत साठवणीच्या फोल्डरमध्येच ‘बॅकअप्स’ नावाखाली ठेवतं. म्हणून तो अख्खा फोल्डर रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने यूएसबी डिस्कवर घ्या. अशा दोन डिस्का ठेवा. एक घरी, दुसरी भावाकडे किंवा मैत्रिणीकडे, आणि महिन्याला अदलाबदल. एकाच घरातल्या दोन प्रती आगीत किंवा पुरात एकदमच जातात.

आता परीक्षा. दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर नवं इमिच उभं करा, डिस्कवरून फोटो आणि डेटाबेस परत आणा आणि एखाद्या लग्नाचा अल्बम उघडून बघा. नावांसकट सगळं दिसलं, तर तुमचा बॅकअप खरा. ही परीक्षा दर सहा महिन्यांनी घ्या. इमिचची नवी आवृत्ती चढवण्याआधी तिची टिपणं वाचा आणि ताजा बॅकअप घ्या.

रेस्टिकची प्रत कूटबद्ध असते; पासवर्ड हरवला तर ती कुणालाच उघडता येत नाही. म्हणून तो कागदावर लिहा, सोबत डिस्क कुठे आहे आणि कशी उघडायची तेही मराठीत लिहा, आणि तो कागद घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवून घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.